सगळं काढून टाका

“संगणकाला तीन तास लागले, बाबा. मला किती दिवस लागतील?”

अच्युतराव शिर्के मठाच्या ओसरीवर बसले होते. मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. कराडचं घर बंद करून, कायमचं मठात राहायचं म्हणून आले होते.

धोंडीबाबा खांबाला टेकून होते. गुडघे दुखत होते त्यांचे. मी तेल चोळत होतो.

“कशाला किती दिवस?” बाबांनी विचारलं.

“कोरं व्हायला. घरचा संगणक काल मी कोरा केला. फॅक्टरी रीसेट म्हणतात त्याला. कारखान्यातून आला होता, अगदी तसा. आता माझं तेवढं राहिलंय. तुम्ही हो म्हणा, मी आजपासून इथंच.”

“काय होतं त्याच्यात?”

“मुलीचे फोटो. शाळेतले, कॉलेजातले. तिनं लिहून ठेवलेलं काहीबाही. सकाळी चालू केला की आपणहून एखादा जुना फोटो पुढं आणायचा. रोज. थकलो, बाबा…”

“कुठं असते ती?”

“नांदेडला. माझं न ऐकता लग्न केलं. पाच वर्षं झाली. पाडव्याला फोन करते. मी उचलत नाही.”

मी दुसऱ्या गुडघ्याला तेल लावलं.

“ते यंत्र मधेच विचारतं,” अच्युतराव म्हणाले. “फायली ठेवू, की सगळं काढून टाकू? लोक तिथंच कच खातात. पुतण्या म्हणाला, काका, निदान फोटो तरी पेनड्राइव्हवर घ्या. म्हटलं, बाजूला हो. ‘सगळं काढून टाका’ यावर टिचकी मारली. क्षणभरही थांबलो नाही.”

“शाबास.”

अच्युतरावांना ते खरं वाटलं. जरा ताठ बसले.

“मला त्यातलं कळत नाही,” बाबा म्हणाले. “मोबाइल उलटा धरतो म्हणून हा मला हसतो. कोरं झाल्यावर मग काय करतं ते?”

“पुन्हा विचारतं. भाषा कोणती, देश कोणता. मग नाव.”

“दिलंस?”

“दिलं. माझंच.”

“मग?”

“मग पासवर्ड. म्हणजे किल्ली समजा. दुसऱ्यानं उघडू नये म्हणून.”

“नवी केलीस?”

“…जुनीच. सवयीनं टाइप झाली. बोटं आपोआप चालतात, बाबा.”

“काय आहे ती?”

“पासवर्ड कुणाला सांगत नसतात.”

“मी काय चोरून नेणार आहे? तो संगणक कुठून उघडतात तेही मला माहीत नाही.”

मला हसू आलं. अच्युतरावांना आलं नाही. ते अंगणाकडं बघत राहिले. अंगणात कोणी नव्हतं.

“ऋतुजा,” ते म्हणाले. “आणि तिच्या जन्माचं साल.”

बाबांनी त्यांचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. एकेक बोट बघितलं, लहान पोराचं बघावं तसं.

“या बोटांनी?”

“हो.”

“बोटं म्हातारी झाली रे.”

“बदलतो, बाबा. आजच बदलतो. पुतण्याकडं किल्ली आहे घराची, त्याला फोन करून सांगतो.”

“नवीन काय घालायला सांगशील?”

अच्युतरावांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं…

मी तेलाची वाटी बाजूला ठेवली. माणूस रडायला लागला की आपल्या हातात काही असू नये असं मला वाटतं.

ते रडले नाहीत. नुसते खाली बघत राहिले. हात अजून बाबांच्या मांडीवरच होता.

“मला ठेवून घ्या,” ते म्हणाले. “फार थकलोय मी.”

“दिसतंय.”

“मग?”

बाबा माझ्याकडं वळले. “याचं पान वाढ,” म्हणाले.

मी उठलो. अच्युतरावांचा चेहरा जरा उजळला. त्यांना वाटलं, बाबांनी ठेवून घेतलं.

बाबांनी त्यांचा हात सोडला.

“नांदेड लांब आहे,” ते म्हणाले. “आधी जेवून घे.”