राजाच्या मानेवरचा घाव

खैरघाटाच्या माथ्यावर, जकातीच्या पडक्या चौथऱ्याशेजारी, एक बुटका काळा कातळ आहे. त्याच्या पाठीवर जिकडेतिकडे छिन्नीचे घाव. पाहुणा त्यावर टेकायला गेला की सखोबा गुरव भडकतात, "उठा तिथनं! बसायची जागा हाय व्हय ती?" मग जरा निवले की सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, समुद्रापलीकडचे यवन व्यापारी इथे कापड घ्यायला येत आणि बदल्यात चांदीची नाणी देत. नाण्यावर त्यांच्या राजाचं तोंड: डोक्यावर पानांची माळ, नाक वर, नजर कुणाकडेच नाही. नाण्याच्या मागच्या बाजूला सिंहासनावर भाला घेऊन बसलेली बाई. नागाई सोनारीण ती नाणी पारखायची. नाणं ह्याच कातळावर ठेवून छिन्नीचा एक घाव घालायचा, आतला रंग बघायचा, मगच विणकरांनी गठ्ठे सोडायचे, असा घाटाचा रिवाज होता.

एका वर्षी व्यापाऱ्यांच्या गुमास्त्याने बजावलं, राजाच्या तोंडाला लोखंड लावेल त्याचा हात छाटीन. विणकरांनी माना खाली घातल्या. वर्षभराची मेहनत त्या गठ्ठ्यांत होती. नागाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमच्या देवाचं तोंडबी छिन्नीनंच घडतंय," ती म्हणाली. "तुझा राजा त्याच्यापरीस मोठा लागून गेला काय?"

आणि तिने राजाच्या मानेवरच घाव घातला. आत लालभडक तांबं! चांदीचा नुसता मुलामा. गुमास्त्याने तिथल्या तिथे तिचा उजवा हात तोडवला, असं सांगतात. मेल्याला वाटलं, आता गाव गप्प बसेल.

नागाईने तुटका हात पदरात गुंडाळला आणि डाव्या हाताने दुसऱ्या नाण्यावर छिन्नी धरली. पण हातोडा कोण मारणार? कोसाई नावाची म्हातारी विणकरीण पुढे आली आणि तिने हातोडा उचलला. तिच्यामागून एकेक जण आला. सगळी नाणी तांब्याची निघाली. गठ्ठे घरी परतले, यवन रिकाम्या हातांनी घाट उतरले. पुढे मान चिरल्याशिवाय एकही नाणं हा घाट चढलं नाही. नागाईला मात्र पुन्हा दागिना घडवता आला नाही.

आजही खैरघाटात लग्नाची चांदी कुणी एकट्याने पारखत नाही. आपल्या चांदीवर घाव घातला म्हणून वरपक्ष रुसला तर रुसू देतात. कातळावर एक बाई डाव्या हाताने छिन्नी धरते आणि दुसरी हातोडा मारते. छिन्नी धरणारीचा उजवा हात तोवर पदरात बांधलेला असतो.