रंभाजीने जागा मोकळी केली

शेंदूरवाडीच्या कचेरीत रंभाजी नावाचा एक भोळा शिपाई होता. इतका भोळा, की सांगितलेलं काम करायचा. असा माणूस कचेरीला किती धोक्याचा, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

कॉम्प्युटरवाल्याची बदली झाली आणि सर्व्हर रंभाजीच्या गळ्यात पडला. गावाचे सगळे दाखले त्या सर्व्हरमध्ये. शुक्रवारी जिल्ह्याच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. दाखले झटपट निघाले तर कचेरीच्या नाईकनवरे साहेबांना बढती, नाहीतर घाटापलीकडे बदली.

सोमवारी साहेबांनी पडद्यावर पाहिलं. मेमरी शहाण्णव टक्के भरलेली! साहेबांना घाम फुटला.

"रंभाजी, ही भरली की रिकामी कर."

"जी साहेब. सांगाल तसंच."

रंभाजी स्टूल टाकून बसला. भरली की रिकामी. पुन्हा भरली की पुन्हा रिकामी. मिनिटात निघणारा दाखला अर्ध्या तासाने निघू लागला. साहेबांनी इंजिनिअरला फोन लावला, शिव्या खाल्ल्या आणि त्या तशाच रंभाजीला दिल्या.

"अरे शहाण्या, ती उगाच भरलेली नव्हती! नेहमी लागणाऱ्या फायली सर्व्हर तिथे काढून ठेवतो, दरवेळी आत शोधायला नको म्हणून. जे लागतं ते हाताशी ठेवावं!"

"जी साहेब. पुढच्या वेळी तसंच."

मंगळवारी रंभाजीने विचार केला. दाखल्याला काय लागतं? अर्जदार. त्याने रांगेतले बेचाळीस अर्जदार सर्व्हरच्या खोलीत आणून उभे केले. एक आजी सर्व्हरलाच टेकली. पाठ छान शेकते म्हणाली. खोली तापली, सर्व्हर तापला आणि बंद पडला.

"अरे शहाण्या, जागा बघशील की नाही? सर्व्हरसुद्धा बघतो! जागा कमी पडली की ज्याला बरेच दिवस कोणी मागितलं नाही, ते उचलून मागे ठेवायचं. कोणी मागितलं की परत आणायचं."

"जी साहेब. पुढच्या वेळी तसंच."

बुधवार-गुरुवार रंभाजी वही घेऊन दाराशी बसला. कोण काय मागतं ते लिहीत राहिला. थंड होऊन पुन्हा सुरू झालेल्या सर्व्हरला त्याने हात लावला नाही, म्हणून सर्व्हर उत्तम चालला.

शुक्रवारी निरोप आला, मॅडमसोबत सहा माणसं आहेत. खुर्च्या कुठे टाकायच्या?

"रंभाजी, जागा कर," म्हणून साहेब जेवायला बसले.

रंभाजीने वही उघडली. संडासाची किल्ली, एकोणतीस वेळा. चहावाला, तेवीस. शिक्का, अठरा. वही संपली तरी एक नाव कुठेच सापडेना. साहेब जेवून खुर्चीत घोरत होते. खुर्चीला चाकं होती.

मॅडम आल्या. दाखला मागितला, मिनिटात मिळाला. मॅडम खूश!

"बढतीच्या कागदावर इथेच सही करते. बोलवा तुमच्या साहेबांना."

"साहेब मागे रेकॉर्ड रूममध्ये ठेवलेत."

"ठेवलेत?"

"कुलूप लावून. जागा कमी पडली, आणि त्यांना कोणीच मागत नव्हतं. तुम्हीच पहिल्या. आणू का? थोडा वेळ लागेल."

मॅडमनी भराभर पुढे सरकणारी रांग पाहिली. पेनाचं टोपण लावलं.

"नको. असू द्या तिथेच."

"जी मॅडम. सांगाल तसंच."

मागून साहेब दार बडवत होते, "रंभाजी, मला बाहेर काढ!" रंभाजीने पुन्हा वही चाळली. स्वतःच स्वतःला मागायची सोय साहेबांनी सांगितली नव्हती.