टोचणारे शेजारी

फार वर्षांपूर्वी द्वारकाकाकूंनी डोंगरउतारावर घर बांधलं आणि फाटकापासून ओसरीपर्यंत नदीतले गुळगुळीत गोटे पसरले. वाट देखणी झाली. पण गाडी चढू लागली की गोटे चाकांखालून निसटून गटारात जात. काकू ते दंताळ्यानं वर ओढून ओढून थकल्या. शेवटी त्यांनी गोट्यांवर फोडलेल्या दगडाची खडी ओतून घेतली.

घसरत घसरत गटाराच्या तोंडाशी आलेल्या एका पांढऱ्या गोट्यानं नाक मुरडलं. "ही वेडीवाकडी मंडळी आमच्यात कशाला?"

"कोपऱ्यात कोपरा अडकतो आमचा," शेजारी पडलेला खडा म्हणाला. "म्हणून आम्हाला घसरता येत नाही. जरा जागा द्या."

तेवढ्यात गाडी आली. आता आपण गटारात जाणार, म्हणून गोट्यानं डोळे घट्ट मिटले. चारी बाजूंनी टोकं अंगात रुतली. वाट करकरली आणि गाडी थेट ओसरीपर्यंत गेली. गोट्यानं डोळे उघडले, तर तो होता तिथेच होता.

"फार टोचलं का हो?" खड्यानं विचारलं.

"टोचलं," गोटा म्हणाला आणि त्यानं मोठा सुस्कारा सोडला. "अजून जरा अलीकडे सरका."