न सोडलेलं गाठोडं

एकदा एका वृद्ध मूर्तिकाराने आपल्या शिष्येच्या हातात आलेली ऑर्डर घालवली, आणि तीसुद्धा सगळं ठरून झाल्यावर. ही हकिकत ऐकणाऱ्या बहुतेकांना म्हातारा चक्रम वाटतो. म्हणून घडलं ते आधी सांगतो, मत तुम्ही नंतर बनवा.

मूर्तिकार खाडीकाठच्या एका गावचे. उभी हयात गणपतीच्या कारखान्यांत गेली. उतारवयात शाडूचं वजन झेपेना, तेव्हा ते कागदाच्या लगद्याच्या वीतभर बाहुल्या करू लागले. देवादिकांच्या नव्हेत, साध्या माणसांच्या. लेकीची वेणी घालणारी आई, बसल्या जागी पेंगलेला राखणदार, सुईत दोरा ओवणारी म्हातारी. त्यांची शिष्या हे काम त्यांच्याकडे शिकली आणि तिने गावातच छोटासा कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची एक शेड आणि त्यात काम करणाऱ्या चार बायका. वर्षातले काही महिने त्यांना इथे काम असे. उरलेले महिने त्या मासळीच्या कंपनीत जाऊन बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोलत आणि बोटं सुजवून परत येत. ती सुजलेली बोटं शिष्येला बघवत नसत. चौघींना बारमाही काम मिळावं, एवढ्यासाठी तिची सारी धडपड चालली होती.

या कारखान्यात गुरूंनी घालून दिलेला एक दंडक होता. ज्या हाताने बाहुली घडवली, त्याच हाताने तिचे डोळे आखायचे. गणपतीच्या मोठ्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला वेगळा, मुरलेला कारागीर असतो. मूर्ती घडवणारा एक, रंगवणारा दुसरा, डोळे उघडणारा तिसरा. मूर्तिकारांनी जन्मभर इतरांनी घडवलेल्या मूर्तींचे डोळे आखले होते आणि कुठेतरी ते त्यांच्या मनाला लागलं असावं. इथे चौघींतल्या सुगंधाच्या बाहुलीचे डोळे सुगंधाच आखी, ताराबाईंच्या बाहुलीचे ताराबाई. तळाशी जिची तिची खूण असे, कुणाचा ठिपका, कुणाचं पान.

शिष्येने शहरातल्या एका भल्यामोठ्या दुकानाला फोटो पाठवले होते. कपड्यांपासून कढयांपर्यंत सगळं एका छपराखाली विकणारं ते दुकान, आणि अशी त्याची दुकानं शहरोशहरी. तिथून बोलावणं आलं. शिष्या हरखली. निवडक बाहुल्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत एकेक गुंडाळून तिने गाठोडं बांधलं आणि गुरूंना म्हणाली, "अप्पा, तुम्ही बरोबर चला. तुम्ही नुसते शेजारी बसलात तरी मला धीर येईल."

खरेदीप्रमुखाची खोली सर्वांत वरच्या मजल्यावर होती. माणूस तरुण, हसतमुख. त्याने स्वतः उठून म्हाताऱ्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मला या माणसाचा राग येतो आणि तो लपवावा असं वाटत नाही. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. उर्मट माणसापुढे आपण निदान सावध तरी असतो.

शिष्येने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठीला हात घातला. गुरूंनी तिचा हात हलकेच धरला आणि गाठीवरून बाजूला केला. तिला वाटलं, चहा येतोय, सांडेल म्हणून असेल.

"मॅडम, फोटो आम्ही पाहिलेत," खरेदीप्रमुख म्हणाला. "फार युनिक काम आहे. दिवाळीसाठी आम्ही लोककलेचा एक कोपराच करतोय, त्यात हे एकदम फिट बसेल. फक्त माल एकसारखा लागेल. एका दुकानातला पीस आणि दुसऱ्या दुकानातला पीस शेजारी ठेवला तर फरक दिसता कामा नये."

शिष्या म्हणाली, "थोडाफार फरक राहतो. दाखवते ना, म्हणजे लक्षात येईल." तिचा हात पुन्हा गाठीकडे गेला. गुरूंनी पुन्हा तो धरला. या वेळी जरा घट्ट. तिने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

"फरक कुठे येतो?" खरेदीप्रमुखाने विचारलं.

"डोळ्यांत. ते ज्याचे त्याने आखायचे असतात."

"मग डोळे छापून घ्या. स्टेन्सिल करा. त्यात काय एवढं?"

शिष्या घुटमळली. मग म्हणाली, "करू."

नंतर तो बोलत गेला आणि ती मान डोलवत गेली. रंग दुकानाच्या सजावटीला जुळणारे हवेत, मोरपंखी आणि सोनेरी. करू. फोटोत तळाला दिसतात त्या खुणा नकोत, तिथे आमच्या दुकानाचा शिक्का राहील. चालेल. न खपलेला माल परत घ्यावा लागेल. घेऊ. तो पेंगलेला राखणदार नको, दिवाळीला झोपलेला माणूस बरा दिसत नाही. बरं. मागणी मोठी होती. चौघींना वर्षभर पुरेल एवढं काम होतं. शिष्येचा चेहरा उजळला होता. तिच्या डोळ्यांपुढे सुगंधाचे हात होते आणि त्या हातांसाठी ती होकारावर होकार देत होती. तिला हसणं सोपं आहे. आपल्यापैकी कितीजण अशा टेबलासमोर बसून वेगळं वागलो असतो, ते ज्याने त्याने आपल्या मनाशी बघावं.

सगळं ठरलं. खरेदीप्रमुखाने हात पुढे केला. तेवढ्यात म्हातारे उठले, गाठोडं उचलून काखेत मारलं आणि म्हणाले, "येतो आम्ही. विचार करून कळवतो."

"काका, विचार कसला? मॅडमनी तर हो म्हटलंय," तो हसत म्हणाला.

"ती हो म्हणाली. मी उठलोय," म्हातारे म्हणाले आणि चालू लागले.

दुकानाच्या पायऱ्यांवर शिष्येचा बांध फुटला. तिने आयुष्यात गुरूंपुढे आवाज चढवला नव्हता. आता भर रस्त्यात चढवला.

"अप्पा, काय केलंत हे? मी तुम्हाला आधाराला आणलं होतं. दोनदा माझा हात धरलात, मला बाहुल्या दाखवू दिल्या नाहीत. का? आणि वर ठरलेली ऑर्डर मोडून उठलात. तुमची मुलं हाताशी आली आहेत, तुम्हाला कला सुचते. सुगंधाला मी जाऊन काय सांगू? बोटं बर्फात बुडव, आमच्या अप्पांना राग आला होता?"

तिचं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. म्हाताऱ्यांनाही वाटलं नसावं, कारण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाठोडं पायरीवर ठेवलं आणि शेजारी बसले. बोलायला लागले तेव्हा त्यांचाही आवाज संतापाने चढला होता.

"मुलगी बघायला आलेला माणूस, फोटो पाहिलाय म्हणून तिच्याकडे ढुंकूनही न बघता देण्याघेण्याचं बोलू लागला, तर त्याला तू काय म्हणशील? हाकलून देशील ना? हा तसाच माणूस. कामाबद्दल तासभर बोलला. रंग ठरवले, डोळे ठरवले, शिक्का ठरवला, कोणाला झोपू द्यायचं आणि कोणाला नाही तेही ठरवलं. गाठोडं त्याच्या नाकासमोर होतं. एकदासुद्धा म्हणाला नाही, बघू बुवा काय आणलंय. मला तेवढंच बघायचं होतं, तो कधी म्हणतो. म्हणून मी तुझा हात धरला."

"त्यांनी म्हणायला कशाला हवं? मी दाखवत होते ना! तुम्ही धरला नसतात तर दाखवलंही असतं."

"बरोबर आहे," म्हातारे म्हणाले. "धरायला नको होता. मी माझ्या रागापायी त्याची परीक्षा बघत बसलो आणि नुकसान तुझं केलं, ही माझी चूक. पण पोरी, मी तुला दोनदाच अडवलं."

"मग?"

"त्यानंतर मला अडवावं लागलं नाही. डोळे छापा म्हणाला, तेव्हा तुझा हात गाठीकडे गेला नाही. ताराबाईचं पान पुसा म्हणाला, तेव्हाही नाही. मी वाट बघत होतो. मनाशी ठरवलं होतं, या वेळी गेला तर धरायचा नाही, उलट आपणच गाठ सोडायची. तुझा हात टेबलाखाली होता. शेवटी शेवटी आपण गाठोडं आणलंय हे तूसुद्धा विसरली होतीस. त्या माणसाचा मला राग आला. पण मी उठलो तो तुझ्यामुळे."

पायऱ्यांवरून पिशव्या घेतलेली माणसं चढत होती, उतरत होती. आपल्या वाटेत बसलेल्या म्हाताऱ्याला वळसा घालून जाताना काहींनी कपाळाला आठ्या घातल्या. शिष्या त्या गाठीकडे पाहत राहिली. मग तिने गाठोडं उचललं.

"तुम्ही इथेच बसा अप्पा," ती म्हणाली आणि पुन्हा वर गेली.

खरेदीप्रमुख दुसऱ्या बैठकीच्या तयारीत होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. "केला ना विचार?"

"नाही. आधी हे बघा," असं म्हणून तिने त्याच्या कागदांवरच गाठोडं ठेवलं आणि सोडलं. चिंध्या उलगडत एकेक बाहुली टेबलावर उभी केली. तो घाईत होता, पण बघत राहिला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. सुईत दोरा ओवणाऱ्या दोन म्हाताऱ्या त्याने दोन हातांत घेतल्या. एकीच्या डोळ्यांत चिडचिड होती, दोरा जाईना म्हणून. दुसरी स्वतःच्याच फजितीला हसत होती.

"या दोघी वेगळ्या आहेत," तो म्हणाला.

"एक सुगंधाची, एक ताराबाईंची."

"फोटोत कळलं नव्हतं." त्याने दोघींचे चेहरे शेजारी धरले. "मग आपल्या ऑर्डरमध्ये यातली कोणती येईल?"

"आता जे ठरलं, त्याप्रमाणे यातली एकही येणार नाही," शिष्या म्हणाली. हे वाक्य तोंडून निघालं तेव्हा ते तिलाही पहिल्यांदाच ऐकू आलं.

त्याने दोन्ही बाहुल्या जपून खाली ठेवल्या. "मॅडम, खरं सांगतो, या मला आवडल्या. पण माझं दुकान असं चालत नाही. गिऱ्हाइकाला जे दाखवलं तेच हातात द्यावं लागतं. एकसारख्या नाही झाल्या तर मला घेता येणार नाहीत."

"एकसारख्या नाही होणार."

"मग जमणार नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने बाहुल्या चिंधीत गुंडाळल्या आणि नमस्कार करून निघाली. एक वर्षाचं काम ती वर सोडून आली होती आणि जिना उतरताना हे तिला पुरतं ठाऊक होतं.

गुरू पायरीवरच बसले होते. त्यांनी मान वर केली. "काय म्हणाला?"

"नाही म्हणाले."

"पाहिलं?"

"पाहिलं. हातात घेऊन पाहिलं. मग नाही म्हणाले."

म्हाताऱ्यांनी गुडघ्यावर हात टेकवून उठायला सुरुवात केली. तिने त्यांना हात दिला. "सुगंधाला मी सांगतो," ते म्हणाले. "निम्मं माझ्यामुळे गेलंय."

"नको अप्पा. मीच सांगेन. ऑर्डर गेली हे सांगेन, आणि दुसरं दुकान गाठेपर्यंत दम धर म्हणेन. रागावेल ती. रागावू दे." तिने गाठोडं सावरलं. "डोळे छाप आणि खूण पूस, हे मात्र तिला सांगावं लागणार नाही."

आपल्यापुढे कुणी काही घडवून घेऊन आलं, तर नाही म्हणण्याआधी, आणि हो म्हणण्याच्याही आधी, त्याला गाठ सोडायला सांगावी.