राजाच्या पुतळ्याला शेंदूर

एक होता राजा, चंपानगरीचा. पोट हे एवढं आणि राग सदा नाकावर! भाजीत मीठ कमी पडलं की आचाऱ्याला नगराबाहेर काढायचा. हसू नका रे, ऐका.

तर या राजाला वाटलं, राजधानीच्या चौकात आपला पुतळा हवा. मग पाथरवट आला. त्यानं भला थोरला दगड उभा केला. आधी पोट घडवलं, मग दोन डोळे कोरले. तेवढ्यात बहिणीच्या लग्नाचा निरोप आला, नि स्वारी छिन्नी-हातोडा टाकून गावाला पळाली.

त्याच चौकात तान्हूबाई फुटाणे विकायची. म्हातारी एकटीच, सोबतीला कबरी नावाची बकरी. ती कबरी हरवली की हो! म्हातारी रडून रडून दमली. समोर बघते तर मोठ्या पोटाचा, वटारल्या डोळ्यांचा दगड. तिला वाटलं, देवच हा! "देवा, माझी कबरी मिळू दे, तुला शेंदूर लावीन." आणि बरं का, संध्याकाळी बकरी बें बें करत दारात! मग काय, तान्हूबाईनं देवाला आपादमस्तक शेंदूर फासला.

मग आला कोतवाल, गाल धरून. तो नारळाचा नवस बोलला, दाढ ठणकायची थांबली. मग राणीसाहेब आल्या, गुपचूप पालखीतून. त्यांनी काय मागितलं, ते आत्ता नाही सांगायची मी.

लग्नाचे लाडू खाऊन पाथरवट परतला, आणि चौकात मटकन् खालीच बसला. तेवढ्यात राणीला नि कोतवालाला घेऊन राजा आला पुतळा बघायला.

"हा मी?" राजा रागानं लालेलाल. दोघांत राजा कुठला नि पुतळा कुठला, कळेना! "कोणी केलं हे?"

तान्हूबाई कबरीला घेऊन पुढे आली. "मी, महाराज. देव समजून केलं हो."

"काढा हिला नगराबाहेर! आणि कोतवाल, तो शेंदूर खरवडा!"

तान्हूबाईचा सारा जन्म या चौकात गेला, आता म्हातारपणी कुठं जायचं? तिनं कबरीला घट्ट पोटाशी धरलं.

कोतवालानं आधी जोडे काढले, मग कान पकडले. "महाराज, हवं तर सुळावर द्या. पण देवाला हात नाही लावणार. दाढ पुन्हा ठणकेल!"

मग राजानं स्वतःच छिन्नी उचलली. तशी राणी ओरडली, "थांबा! माझाही नवस आहे. महाराजांचा राग शांत होऊ दे, देवाला चांदीचे डोळे वाहीन."

राजा भडकणारच होता, पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण रागावलो, तर हा देव खोटा ठरणार. आणि देव म्हणजे तर आपणच!

मग राजानं राग गिळला. कडू काढा गिळावा तसा, तोंड वेडंवाकडं करून. म्हणाला, "आम्ही कुठं रागावलोय? आजीबाई, बसा आपल्या जागेवर. आणि मूठभर फुटाणे द्या बघू." मग त्यानं जोडे काढले आणि स्वतःच्याच पाया पडला.

राणीनं लगेच चांदीचे डोळे वाहिले. लोक देवाला थंडोबा म्हणू लागले. तान्हूबाई, कबरी, राजा, राणी, सगळे सुखानं नांदले. आचारीसुद्धा परत आला. राजाचं नाव? ते सगळे विसरले, मीही विसरले. पण थंडोबाला अजून रोज फूल मिळतं.

गोष्टीला लागला शेंदूर, तुमच्या डोळ्यांना लागो झोप. आता जो चुळबूळ करील, त्याच्या नावानं मी थंडोबाला नवस बोलणार!