पुलाचं तिसरं उद्घाटन

मंत्री टेकाळेसाहेबांनी नदीवरच्या त्याच पुलाचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं, तेव्हा आमच्या तालुक्याच्या दैनिकात सगळेच वैतागले. दोनदा पहिल्या पानावर बातमी छापून झाली होती. या वेळी उपसंपादक कुमुदताई पिंगळ्यांनी ती घेतलीच नाही. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः कचेरीत येऊन थडकले.

"बातमी कुठाय? सरकारी जाहिराती बंद करू का?"

जाहिरातींवरच सगळ्यांचे पगार होत. संपादकांनी घाईघाईनं चहा मागवला.

कुमुदताईंनी हातातलं प्रूफ टेबलावर आपटलं. "छापते ना साहेब! पण पूल सुरू झाल्याचं लोकांनी दोनदा वाचलंय. पुन्हा सुरू झाला म्हणायचं, तर मध्ये तो पडला होता, असं आधी छापावं लागेल. उद्या छापू?"

"राहू द्या, राहू द्या," म्हणत साहेब चहा न घेताच निघाले. जाहिराती मात्र चालू राहिल्या.