गेनबा खुर्ची सांभाळतो

कोळवड गावात गेनबा नावाचा एक भोळा नवरा राहत होता. नवरे गावात पुष्कळ होते, पण सांगितलेलं जसंच्या तसं ऐकणारा हा एकच.

त्या वर्षी सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि गेनबाची बायको कौसल्या निवडून आली. वरच्या आळीतल्या बायका खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी नेत. तिथं नळ न्यायचा, एवढं एकच तिच्या मनात होतं. जुने सरपंच नाना यांना मात्र ते पाणी आपल्या केळीच्या बागेलाच हवं होतं.

पंचायतीत पाच बायका निवडून आल्या होत्या. पण बायका व्हरांड्यात सतरंजीवर आणि त्यांची माणसं आत खुर्च्यांवर, अशी तिथली रीत होती. सहीचं रजिस्टर तेवढं बाहेर जाई. नाना स्वतः सुनेच्या खुर्चीत बसत.

नानांनी गेनबाला बोलावलं. "अरे, बाई नावाला सरपंच. खुर्चीत तू बसायचं."

"बरं नाना."

सभा भरली. गेनबा खुर्चीत बसला. ग्रामसेवकांनी विचारलं, "वरच्या आळीच्या नळाचं काय करायचं?"

गेनबा गप्प.

"अहो, काहीतरी बोला."

"नानांनी बसायला सांगितलंय. बोलायचं काही सांगितलं नाही."

सगळे हसले. विषय पुढच्या महिन्यावर गेला.

नाना चिडले. "नुसतं बसतोस काय? बाईनं तोंड उघडायच्या आत आपण बोलायचं."

"बरं नाना."

दोन दिवसांनी कौसल्येची दाढ ठणकू लागली. गेनबा तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "बाई, कोणती दाढ?"

कौसल्या तोंड उघडणार, तोच गेनबा म्हणाला, "उजवीकडची, शेवटची." आणि दाखवायला स्वतःचा जबडा वासला. डॉक्टरांना घाई होती. त्यांनी उजवीकडची शेवटची दाढ काढली. गेनबाची.

"चांगली होती हो ती," वाटेत कौसल्या गालाला हात लावून म्हणाली.

"नानांचा शब्द मोडायचा कसा?" गेनबा बोळा सांभाळत म्हणाला.

नानांनी कपाळाला हात लावला. "तिच्या दुखण्यात कशाला पडतोस? सरपंच म्हणून तिला बोलावणं आलं, तर तिच्याऐवजी तू जायचं."

"बरं नाना."

तालुक्याहून बोलावणं आलं. महिला सरपंचांचं शिबिर. गेनबा धुतलेलं धोतर नेसून गेला आणि पहिल्या रांगेत बसला. शेवटी हळदीकुंकू झालं. गेनबानं कपाळ पुढं केलं, उपरणं पसरलं. बायकांनी हसत हसत त्याची ओटी भरली. खण आणि नारळ घेऊन तो थेट नानांकडे आला.

"नाना, खण काकूंना देऊ का?"

"अरे, बायकांच्या जागेवर जाऊन बसलास? लाज कशी वाटली नाही?"

"आणखी दोन नवरे होते तिथं."

"मग त्यांनाही हाताला धरून उठवायचं होतंस! बायकांच्या जागेवर बसलेला पुरुष शोभतो का?"

"नाही शोभत. चुकलंच माझं."

पुढची सभा भरली. नळाचा विषय निघाला. कौसल्या दारातच उभी होती. गेनबा आपल्या खुर्चीकडे गेला, थांबला आणि म्हणाला, "ये गं, तुझी जागा आहे."

मग त्यानं खोलीभर नजर फिरवली. शांताबाईंच्या नवऱ्याला हाताला धरून उठवलं. गोदूबाईंच्या मुलाला उठवलं. हिराबाईंचे दीर उठेनात, तेव्हा त्यांना काखेत हात घालून उचललं आणि व्हरांड्यात नेऊन ठेवलं. सरतेशेवटी तो नानांपुढं आला.

"अरे, मी नाना आहे."

"म्हणून तर तुम्हाला शेवटी घेतलं," गेनबा नम्रपणे म्हणाला आणि त्यांचा हात धरला.

बायका आत येऊन बसल्या. कौसल्येनं नळाचा ठराव मांडला. पहिला हात नानांच्या सुनेचा वर गेला.

बाहेर सतरंजीवर पुरुषमंडळी बसली होती. गेनबा नानांच्या शेजारी टेकला. त्यांचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं.

"पुन्हा चुकलं का, नाना? आता पुढच्या वेळी कसं करू, ते सांगा."

नानांनी तोंड उघडलं, गेनबाकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.